नाव वगळण्याचा अर्ज

आई-बाबा परत जायला चार दिवस उरले होते आणि बाबांनी गावाहून आणलेला फॉर्म अजून माझ्या टेबलाच्या खणात कोरा पडला होता. तो भरायला पाच मिनिटं पुरली असती. मी त्याला पाच आठवडे हात लावला नव्हता.

फॉर्म मतदार यादीच्या पडताळणीचा होता. त्यावर माझी सही हवी होती आणि सोबत माझ्या भारतीय पासपोर्टची झेरॉक्स. बाबांना वाटत होतं, मी आळशी आहे. खरं असं होतं की झेरॉक्स काढायला माझ्याकडे भारतीय पासपोर्टच उरला नव्हता. दोन वर्षांपूर्वी मी जर्मन नागरिकत्व घेतलं होतं आणि ही गोष्ट मी माझ्या वडिलांना सांगितली नव्हती.

यात एवढं लपवण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी बाबा कोण आहेत ते सांगायला हवं. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवडणूक लागली की आमच्या तालुक्यातल्या शिक्षकांना ड्युटीचे आदेश यायचे. मग कुणाची पाठ धरायची, कुणाच्या बायकोचं ऑपरेशन निघायचं, डॉक्टरांच्या दाखल्यांचा पाऊस पडायचा. बाबांनी एकदाही ड्युटी चुकवली नाही. त्यांची एक खाकी पिशवी होती. तिच्यात मेणबत्ती, काडेपेटी, सुतळी, टाचण्या आणि दोन जादा पेनं. सरकारकडून सगळं सामान मिळायचं, तरी बाबा ती पिशवी न्यायचेच. पुढे ते केंद्राध्यक्ष झाले, म्हणजे त्या खोलीपुरते सर्वेसर्वा. दुसऱ्या दिवशी घरी यायचे, आंघोळ करायचे आणि आईला सांगायचे, "एक तक्रार नाही." आमच्या घरात पेपरात नाव छापून आल्यावर जेवढा आनंद झाला असता, तेवढा या तीन शब्दांनी व्हायचा.

परदेशात राहणाऱ्यांनाही गावच्या यादीत नाव नोंदवता येतं, हे कळल्यावर बाबांनी स्वतः तहसील कार्यालयात चार खेपा घालून माझं नाव नोंदवलं. आमच्या केंद्रावरचा असा मी एकटाच. यादीच्या शेवटच्या पानावर एकटं माझं नाव. त्या पानाचा फोटो काढून त्यांनी मला पाठवला होता. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात एवढी वर्षं इंजिनिअर आहे, एक-दोनदा कंपनीने माझं कौतुकही केलं, पण बाबांनी माझ्याबद्दलचा फोटो गावात दाखवला असेल तर तो हाच.

नागरिकत्व मी का घेतलं? मोठं काही कारण नव्हतं. सोय होती. कामासाठी चार देशांत जावं लागतं, प्रत्येक वेळी व्हिसा. आणि दुसरं एक कारण, जे मी बायकोलाही उशिराच सांगितलं. कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली की मला पहिल्यांदा आठवायची ती माझी निवासाची परवानगी. तसं ते कार्ड कायमचं होतं. तरी भीती जायची नाही. मग मी अर्ज केला. माझा आणि मुलीचा. बायको म्हणाली, "माझं राहू दे. घरातलं एक तरी माणूस विमानतळावर तिकडच्या रांगेत उभं राहायला हवं."

राटहाउसमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, छोटा समारंभ झाला, प्रमाणपत्र मिळालं. नंतर हॅम्बुर्गच्या भारतीय वकिलातीत जाऊन मी जुना पासपोर्ट जमा केला. मला वाटलं होतं, जड जाईल. तसं काही झालं नाही. काम वेळेत आटोपलं, बाहेर येऊन मी स्टेशनसमोर माशाचं ब्रोटशेन, म्हणजे मासा घातलेला पाव, खाल्लं आणि ते छान लागलं. अपराधी वाटायला लागलं ते घरी परतताना गाडीत. आपल्याला काहीच कसं वाटलं नाही, याचं.

त्यानंतर सहाएक महिन्यांनी आम्ही गावी गेलो आणि नेमकी तेव्हाच निवडणूक होती. बाबांनी आदल्या दिवसापासून तयारी केली. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. सकाळी म्हणाले, "चल, पासपोर्ट घे. पहिल्या तासात जाऊ." मी म्हणालो, पोट दुखतंय. ते थांबले. दुपारी आले, मी म्हणालो, अजून दुखतंय. चार वाजता आले. तेव्हा मी तोंडावरून पांघरूण घेतलं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने वडिलांना चुकवायला पांघरूण घ्यावं! त्या दिवसापासून बाबांच्या मनात मी एक पायरी खाली उतरलो. फोनवर, बोलता बोलता, मधूनच ते म्हणायचे, "तुम्हा शिकलेल्या लोकांना मताची किंमत नाही." मी "हं" म्हणायचो. दीड वर्ष मी ते "हं" म्हणत होतो.

आता ते इथे वोल्फ्सबुर्गला माझ्या घरी होते, माझा नवा पासपोर्ट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात होता आणि फॉर्म खणात. बायकोने मला स्पष्ट बजावलं होतं, "मी आपणहून सांगणार नाही. पण बाबांनी सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही." रविवारी तरी सांगायचंच, असं मी ठरवलं होतं. तसं मी दर रविवारी ठरवत होतो.

त्या रविवारी कुठे जायचं ते मुलीने ठरवलं. ती अकरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. तिच्या वर्गाची सहल मागे एका उघड्यावरच्या संग्रहालयात गेली होती. आमच्याकडून दीड तासावर. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी इथली सरकारं ओसाड दलदलीत माणसं नेऊन वसवत. कुणाची शेती नाही, कुणाला भावाने घराबाहेर काढलेलं, असे लोक यायचे. त्यांना दलदलीचा एक लांबोळका पट्टा मिळायचा आणि बाकी काही नाही. चर खणून पाणी काढायचं, मातीच्या ढेकळांची झोपडी बांधायची, काळी माती विटांसारखी कापून, वाळवून जळण म्हणून विकायची. त्या लोकांचं सगळं जगणं तिथे पुन्हा उभं केलेलं आहे. झोपड्या, चूल, बकऱ्या, आणि जुन्या वेषातली माणसं.

"एवढं दीड तास गाडी हाकून चूल बघायला आणलंस?" पहिल्याच झोपडीशी आई म्हणाली. "लग्नानंतर बारा वर्षं फुंकलीय मी. तेव्हा कुणी तिकीट लावलं नाही."

"आई, तुम्ही तिकीट लावायला हवं होतं," बायको म्हणाली.

"लावलं असतं गं. पण बघायला येणार कोण? तुझे सासरे तर चुलीकडे फिरकायचे नाहीत."

बाबांचं लक्ष नव्हतं. ते चरांची रुंदी पावलांनी मोजत होते. एका फळीवर त्या लोकांची एक जुनी म्हण लिहिली होती. मुलीने ती वाचली आणि मी मराठीत सांगितली. पहिल्या पिढीला मरण, दुसरीला ओढाताण, तिसरीला भाकरी.

"मग ही तिसरी!" आईने नातीचा दंड धरला. "पण हिला भाकरी कुठे चालते? हिला नुडल्स लागतात."

"गेनाऊ, आजी," मुलगी म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर.

सगळे हसलो. माझ्या डोक्यात मात्र तेव्हाही तो फॉर्म होता. मी मनात वाक्य जुळवत होतो. बाबा, एक सांगायचं राहिलं. बाबा, रागावू नका. बाबा, तो फॉर्म. प्रत्येक वाक्य तिथेच अडत होतं.

मधल्या चौकात एक टेबल मांडलं होतं. काळा लांब कोट आणि टोपी घातलेला एक माणूस, समोर मोठी वही, दौत आणि पिसाची लेखणी. तो दलदलीत पट्टे वाटणारा सरकारी अधिकारी झाला होता. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने रांगेत यायचं, कर्त्या माणसाने नाव-गाव सांगायचं, मग तो वहीत नोंद करून पट्ट्याचा कागद देणार. मुलांसाठीचा खेळ.

वही, दौत, रांग. बाबांचे डोळे बदलले. मुलगी मला म्हणाली, आजोबांना घरचा प्रमुख करू या, आणि त्यांना पुढे ढकललं. बाबांनी शर्ट खाली ओढून सारखा केला.

"रांग सरळ नाही," ते मला म्हणाले. "आणि ये-जा एकाच बाजूने. एक दार आत, एक बाहेर, असं पाहिजे."

"बाबा, खेळ आहे."

"खेळ असला म्हणून काय?"

आमचा नंबर आला. अधिकाऱ्याने टोपीआडून पाहिलं आणि भारदस्त आवाजात विचारलं, "माणसं किती?" मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, "पाच."

"जनावरं?"

"दोन म्हशी सांग."

"अहो," आई मागून म्हणाली, "म्हशी विकून किती वर्षं झाली! खोटं बोलू नका, लिहून घेतोय तो."

"इथे कोण बघायला येतंय?"

"तुम्हीच असं म्हणायला लागलात तर झालं!"

मी म्हशी सांगितल्या. अधिकाऱ्याने चेहरा न बदलता लिहिल्या आणि विचारलं, हे जनावर दलदलीत टिकेल का?

"टिकेल का?" बाबा म्हणाले. "त्याला सांग, म्हशीला चिखलच लागतो. यांनी गाई आणून चूक केली. म्हशी आणल्या असत्या तर दुसऱ्याच पिढीत भाकरी मिळाली असती."

मी तेही सांगितलं. मागच्या रांगेतली माणसं हसली. एका बाईने टाळ्या वाजवल्या. बाबांना मी इतकं खुशीत त्या सबंध मुक्कामात पाहिलं नव्हतं.

मग अधिकाऱ्याने लेखणी दौतीत बुडवली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "जुन्या गावाच्या वहीतून नाव कमी झाल्याचं पत्र आणलंय?" आणि मुलांना समजावं म्हणून पुढे सांगितलं. एका माणसाचं नाव दोन गावांच्या वहीत चालत नसे. जुन्या गावाच्या जमीनदाराने सोडलं, तिथल्या वहीतून नाव खोडलं, की मगच इथे लिहायचं.

हे मला मराठीत सांगावं लागलं. बाबांनी मन लावून ऐकलं आणि मान डोलावली.

"बरोबर आहे. एका माणसाचं नाव दोन याद्यांत असता कामा नये. हे यांनी चांगलं ठेवलंय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पण त्याला सांग, आमच्याकडे असलं पत्र नाही. आम्ही नुसते बघायला आलोय. नावं आमची गावच्या यादीत आहेत ती तिथेच राहणार. माझं, हिचं आणि तुझंही. तुझं शेवटच्या पानावर आहे, पण आहे."

मी जर्मन वाक्य सुरू केलं. दोन शब्द बोललो आणि पुढचा शब्द येईना. अधिकारी लेखणी धरून माझ्याकडे बघत होता. लेखणीच्या टोकावर शाईचा थेंब जमला. बायको खाली बघत होती. बाबांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता.

"बाबा, माझं नाव खोडावं लागेल," मी म्हणालो.

"खेळात?" ते हसले. "खोडू दे की."

"खेळात नाही. खरंच. मी इथला पासपोर्ट घेतलाय. दोन वर्षं झाली."

त्यांचा हात खांद्यावरून लगेच निघाला नाही. हसूही लगेच गेलं नाही. ते तसंच चेहऱ्यावर राहिलं, आणि डोळे माझ्या तोंडावर काहीतरी शोधत राहिले. अधिकाऱ्याने विचारलं, काही अडचण आहे का? मुलगीच जर्मनमध्ये म्हणाली, "आजोबांना हे माहीत नव्हतं." काय ते त्याला कळणं शक्य नव्हतं, पण त्याने लेखणी खाली ठेवली, टोपी काढली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सावकाश होऊ द्या. घाई नाही."

पहिल्यांदा हलले ते बाबाच. "मागे लोक खोळंबलेत," ते म्हणाले. "बाजूला हो."

आणि ते चालू लागले. चौक ओलांडून, चराच्या कडेने, शेवटच्या झोपडीकडे. आई मला विचारत होती, "काय झालं? काय म्हणालास तू?" बायकोने तिचा हात धरला आणि मला डोळ्यांनी खुणावलं, जा.

ती झोपडी ढेकळांची होती. दार इतकं बुटकं की कमरेत वाकून आत जावं लागलं. आत अंधार, धुराचा जुना वास, कडेला पेंढ्याचं अंथरूण घातलेली फळी. फळीवर बसू नये अशी पाटी होती. बाबा तिच्यावर बसले होते. त्यांना जर्मन येत नाही, पण चित्रातल्या माणसावर मारलेली फुली कुणालाही कळली असती. मी उभा राहिलो, अर्धा वाकून, कारण छप्पर डोक्याला लागत होतं.

"कधी घेतलास?" त्यांनी विचारलं.

मी महिना सांगितला.

"म्हणजे मतदानाच्या आधी."

"हो."

"आणि पोट?"

"दुखत नव्हतं."

ते जमिनीकडे बघत राहिले. "तुझ्या आईने तीन दिवस मऊ भात घातला तुला."

"हो."

"तू खाल्लास."

"खाल्ला."

दारातून एका लहान मुलीने डोकावलं, आम्हाला पाहिलं आणि ती पळाली. मी ज्याची दोन वर्षं भीती बाळगली होती तो हा क्षण होता. आणि मी खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा मला मनात कुठेतरी हायसं वाटायला लागलं होतं. आता माझ्याकडे लपवायला काही उरलं नव्हतं. वडील समोर दुखावून बसलेत आणि मुलाला हायसं वाटतंय, याचीही मला लाज वाटली.

"मी म्हणालो होतो का रे," बाबांनी अचानक विचारलं, "की चल, केंद्रावर माझा विद्यार्थीच आहे, पासपोर्ट नाही दाखवलास तरी तो काही म्हणायचा नाही?"

"चार वाजता म्हणाला होतात. मी पांघरुणातूनच म्हणालो होतो, पासपोर्ट कुठे ठेवलाय आठवत नाही."

"म्हणालो होतो मी असं." त्यांनी कपाळ चोळलं. "वाईट बोललो. मी असं बोलायला नको होतं. आयुष्यात कुणाला तसं सोडलं नाही आणि मुलासाठी म्हणालो." मग मान वर केली. "तरी तू आला नाहीस."

"नाही."

"कुणी अडवलं नसतं. मत टाकता आलं असतं तुला."

"माझं नव्हतंच ते, बाबा."

त्यांनी मोठा श्वास सोडला. एवढा मोठा की मला वाटलं, ते रडताहेत. रडत नव्हते. ते म्हणाले, "दीड वर्ष मी समजत होतो, तुला त्याची किंमत नाही. चार मास्तरांत बोललो मी हे. पोरगा घरात पोट धरून बसला, म्हणालो, एवढं इंजिनिअरिंग शिकवून काय उपयोग. आणि तू न येऊन बरोबर केलंस." पुन्हा एकदा म्हणाले, "आला असतास तर गेलं असतं सगळं. बरं झालं नाही आलास."

माझ्या मनात हा विचार दोन वर्षांत एकदाही आला नव्हता. मी फक्त मला काय वाटतं ते मोजत होतो. माझा पासपोर्ट, माझा अपराध. त्यांना या सगळ्यात कशाची भीती वाटेल, कशाने बरं वाटेल, हे मी कधी विचारातच घेतलं नव्हतं. एखादं खोटं मत पडलं असतं, तेही त्यांच्या मुलाचं, त्यांच्या विद्यार्थ्याच्या केंद्रावर. ते पडलं नाही, हे त्यांच्यासाठी माझ्या पासपोर्टच्या रंगापेक्षा मोठं होतं.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत.

"रोज फोन करतोस," ते म्हणाले. "तिकडे थंडी किती, इकडे मेथी मिळाली का, गुडघा कसा आहे. सगळं बोलतोस. आणि हे सांगता आलं नाही?"

"रोज ठरवायचो."

"कसली भीती वाटली? मी मारणार होतो? सातवीनंतर हात लावला नाही तुला."

"नाराज व्हाल असं वाटलं."

"झालोच आहे."

"हो."

"राहीन थोडे दिवस. मग उतरेल." ते फळीवरून उठायला लागले. "सुनबाईला माहीत होतं?"

"होतं. मीच सांगू नको म्हणालो होतो. तिचा पासपोर्ट अजून तिकडचाच आहे. पोरीचा मात्र इथला."

"पोरीचं नाव कुठल्याच यादीत आलेलं नाही अजून. तिचं तिने मोठी झाल्यावर ठरवावं." मग त्यांना आठवलं. "तो फॉर्म! सही केलीस?"

"नाही."

"करू नकोस. करूच नकोस. तो मला परत दे. तुला नमुना सात लागेल, नाव वगळण्याचा. मी जाताना घेऊन जातो." आणि दारातून बाहेर पडताना त्यांचं डोकं चौकटीवर आपटलं. "यांची माणसं बसून चालायची की काय!" डोकं चोळत ते म्हणाले.

आई आणि बायको बाकावर बसल्या होत्या. त्यांच्यासमोर चुलीवर केलेली काळपट धिरडी होती, उत्तर भारतात उपवासाला कुट्टू खातात त्याच्या पिठाची. आईने आधी खात्री करून घेतली होती की वर डुकराचं मांस घातलेलं नाही. बायकोने तिला सगळं सांगितलेलं दिसलं, कारण मी बसताच आईने विचारलं, "म्हणजे आता तुला गावी यायला व्हिसा लागणार?"

"नाही. आजीवन कार्ड मिळतं. कधीही येता येतं."

"येता येतं ना? मग झालं तर."

"अगं, तसं नसतं ते," बाबा म्हणाले. "नागरिकत्व म्हणजे काय—"

"तसंच असतं. तुम्ही खा आधी. गार होतंय. मीठ कमी आहे, पण पीठ चांगलं भिजवलंय बाईने."

बाबांनी खाल्लं. दुसरंही मागितलं. मुलगी धावत आली आणि तिने अधिकाऱ्याकडून आणलेला कागद आजोबांपुढे धरला. पट्टा आमच्या नावावर झाला होता, दोन म्हशींसकट. बाबांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. म्हणाले, "अनुक्रमांक नाही घातला याने."

परतीच्या वाटेवर ते माझ्या शेजारी पुढे बसले. मागे तिघीही झोपल्या. पहिली वीस-पंचवीस किलोमीटर बाबा खिडकीबाहेर बघत होते, पवनचक्क्या, सपाट शेतं. मला बोलावं असं वाटत होतं आणि बोलायची गरजही वाटत नव्हती. पाच आठवडे गाडीत त्यांच्या शेजारी बसताना माझे खांदे वर चढलेले असायचे, हे मला ते खाली उतरल्यावर कळलं.

"इथे केंद्रावर कोण बसतं?" त्यांनी विचारलं. "मास्तर?"

"कोणीही. नागरिक असला की झालं. आपणहून नाव द्यायचं."

"आपणहून?" हे त्यांना बराच वेळ पटलं नाही. "आणि शाई?"

"लावत नाहीत."

"मग एकाने दोनदा टाकलं तर?"

"माहीत नाही."

"पेटी कशी बंद करतात?"

"माहीत नाही, बाबा. मी एकदाच मत दिलंय. पोस्टाने."

"पोस्टाने? घरी बसून?"

"स्वयंपाकघरात."

"समोर कोण होतं?"

"कोणी नाही. ही होती, चहा करत."

"आणि याला गुप्त मतदान म्हणायचं!" ते पुन्हा खिडकीकडे वळले. मग काही वेळाने, माझ्याकडे न बघताच, म्हणाले, "पुढच्या वेळी स्वतः जा. उभा राहून टाक. आणि तिथलं सगळं नीट बघून मला सांग. पेटी कशी, कुणी सही घेतली, मोजणी कुठे. फोनवर मेथीचं नंतर सांग."

सोमवारी मी अर्धा दिवस सुट्टी घेतली. फॉर्म छापून आणला. बाबा चष्मा लावून शेजारी बसले आणि एकेक रकाना वाचून दाखवायला लागले. मी दोन दिवस दाढी केली नव्हती, त्यावरून त्यांनी मला एकदा टोकलं. नाव, वडिलांचं नाव, यादीचा भाग. मग कारणं आली. मृत्यू, कायमचं स्थलांतर, अशी. ते थांबले.

"आजवर मी वगळायला नावं सुचवली ती मेलेल्यांची," ते म्हणाले. "नाहीतर लग्न होऊन गेलेल्या मुलींची. त्यांच्या घरी विचारायला जायचो तेव्हा बायका चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, राहू द्या की गुरुजी एक नाव, तुमचं काय जातंय. मी ऐकलं नाही कधी."

मी पेन खाली ठेवलं. त्यांनी ते उचलून परत माझ्या हातात दिलं.

"शेवटचं कारण," ते म्हणाले. "भारताचा नागरिक नाही. त्याच्यापुढे खूण कर. चौकटीच्या आत. बाहेर गेली तर रद्द करतात."

मी खूण केली आणि खाली सही केली. बॉलपेनचीच सही होती, तरी बाबांनी तिच्यावर दोनदा फुंकर घातली, मगच कागद फोल्डरमध्ये ठेवला.